ओढ

एक ऑक्टोबरला हंगाम उघडतो.
आज सत्तावीस सप्टेंबर,
सुपीरियर सरोवरावरून वारा बरागात शिरलाय
आणि डेल्बर्टने काउंटरवर नवं धनुष्य ठेवलंय,
दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

कार्बनचं. हलकं.
कप्प्या इतक्या गुळगुळीत की दोरी
आपणहून मागे येतेय असं वाटावं.
"सोडून तर बघ, हेल्मी.
बघायचे पैसे पडत नाहीत."

मागच्या शेडमध्ये वीस यार्डांवर पेंढ्यांची रास,
तिच्यावर टाचलेली कागदी ताटली.
तीन बाण. तिन्ही एका मुठीत मावतील.
आवाज? शेजारच्या खोलीत
कुणी पुस्तक मिटलं, एवढाच.

माझं जुनं बाहेर गाडीत,
कुत्र्याच्या घोंगडीत गुंडाळलेलं.
एकोणीस वर्षं.
मुठीवरची पट्टी तीनदा बदलली, दोरी पाचदा,
खालच्या कप्पीची खीळ एकदा.
ती गिरणीतल्या रेइनोने लेथवर करून दिली,
जेवणाच्या सुट्टीत, दोन धुरावलेल्या माशांवर.
सुटताना ते बोलतं.
आत्या जीभ टाळ्याला लावून
नापसंती दाखवायची, तसं काहीतरी.
हरणांना ते ऐकू येतं. काही खाली वाकतात.
त्यांचं वाकणं हिशेबात धरून
मी चार बोटं खाली नेम धरायला शिकले.
ही विद्या की खोड, आता सांगता येत नाही.

मांडायला बसलं तर सगळं नव्याच्याच बाजूने.
खांदा, मुख्य म्हणजे.
गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसताना उजवा दुखावला
तो अजून पुरता परत आलेला नाही.
मचाणावर, गारठलेल्या बोटांनी,
पंचावन्न पौंड ओढायचे,
तेही हळू, तेही हरणाच्या डोळ्यांदेखत.
परवा सरावात हात थरथरला
आणि बाण न सोडता मी दोरी परत जाऊ दिली.
समोर पेंढाच होता.
तरी वाईट वाटलं.

जुन्याच्या बाजूला एकच गोष्ट,
आणि ती मी डेल्बर्टला सांगणार नाही.
दोन हजार अकरा. कलता उजेड, माझी घाई, एक मादी.
बाण लागला; लागू नये तिथे, पोटात.
रात्रभर बॅटरी घेऊन
सीडरच्या दलदलीत मी तिच्या मागे.
एका पानावर थेंब,
मग चाळीस पावलं काहीच नाही.
पहाटे सापडली. जिवंत होती.
दुसरा बाणही याच धनुष्याचा.

तेव्हापासून दोरी गालाला टेकली
की ती रात्र मध्ये येऊन उभी राहते,
विचारते, नक्की ना?
नव्याला हे विचारता येणार नाही.
नव्याला माझ्याविषयी काहीच माहीत नाही.

"जुन्याचे दोनशे देईन," डेल्बर्ट म्हणतो.
दीडशेचंही नाही ते.
पन्नास माझ्या वडिलांसाठी असावेत.

मी म्हणते, "षट्कोनी चावी दे जरा."
तो बघत राहतो, मग देतो.
गाडीच्या बॉनेटवर घोंगडी पसरून
वरचा बोल्ट दोन आटे सैल,
खालचा दोन. मोजून.
सात-आठ पौंड उतरले असतील.
बाण सावकाश जाईल आता.
हरणाला वाकायला वेळ जास्त.
म्हणजे मलाच जवळ जायला हवं;
तीस यार्ड आता माझे नाहीत,
अठरा, फार तर.
नेमाच्या खुणा नव्याने बसवायला
उरल्यात तीन संध्याकाळी.

ओढून पाहते. खांदा कुरकुरतो, पण येतो.
ओढ कमी केलीय.
गेलेली नाही.

चावी परत द्यायला आत जाते
तर डेल्बर्ट फोनवर, पाठमोरा.
नवं अजून काउंटरवरच.
त्याच्या दोरीवरून मी अंगठा फिरवते,
एकदा, टोकापासून टोकापर्यंत.
मेण अगदी ताजं आहे.